काउंटरवरचा नकार

डॉक्टरने दिलेले औषध सांगितल्यापेक्षा जास्त घेणे, मुदत संपल्यावरही चालू ठेवणे, दुसऱ्याच्या नावावरचे औषध आपण घेणे, किंवा आजारासाठी असलेली गोळी जागरणासाठी, झोपेसाठी, मन सुन्न करण्यासाठी वापरणे, या सगळ्याला औषधांचा गैरवापर म्हणतात. महाविद्यालयीन वयात त्यात प्रामुख्याने तीन गट दिसतात. पहिला गट झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या गोळ्यांचा: अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. दुसरा अफूच्या कुळातल्या औषधांचा. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे त्यात येतात. तिसरा मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजकांचा, जी एकाग्रतेच्या विकारावर दिली जातात. पहिल्या गटातल्या गोळ्यांना मुंबईच्या रस्त्यावर ‘बटन’ म्हणतात, मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’. पण या लेखात ज्या मुलामुलींचा विचार आहे, त्यांच्यातल्या अनेकांच्या कानावर ही नावे आलेलीही नसतात. त्यांना गोळी मिळते ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, आजीच्या औषधांच्या डब्यात किंवा मैत्रिणीच्या बॅगेत. त्यांच्या लेखी ती नशा नसते. परीक्षेच्या आदल्या रात्री हवी असलेली चार तासांची झोप असते.

हा विषय वडाळ्यात मांडण्याचे कारण या भागाच्या नकाशात आहे. हार्बर मार्गावरच्या वडाळा रोड स्थानकापासून पाच उद्यानांपर्यंत आणि तिथून माटुंग्याच्या कडेपर्यंतच्या थोड्याशा अंतरात एसआयडब्ल्यूएस, आंबेडकर कॉलेज, खालसा, रुईया, १८८७ पासूनची व्हीजेटीआय आणि १९३३ मध्ये सुरू झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. पूर्वेला अँटॉप हिलच्या बाजूला विद्यालंकार आहे. ही नावे केवळ विद्यार्थ्यांची दाटी कळावी म्हणून दिली आहेत. कोणत्याही एका संस्थेकडे त्यांचा रोख नाही. पनवेल-वाशीहून उभ्याने प्रवास करून येणारी, हॉस्टेलच्या खोलीत तिघांत राहणारी, चाळीत जागा नाही म्हणून अभ्यासिकेत रात्र काढणारी मुले याच रस्त्यांवरून जातात. सबमिशन, व्हायवा, केटी, प्लेसमेंट हे शब्द त्यांच्या बोलण्यात सतत असतात. औषधांची दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि बहुतेक दुकाने कॉलेज सुटल्यानंतरही कितीतरी तास उघडी असतात. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

प्रश्नाचा आकार दोन सरकारी आकड्यांवरून कळतो. सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय शामक औषधे वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या दोन आकड्यांमध्ये सरळ रेषा ओढता येत नाही. ती कशी ओढायची, की ओढायचीच नाही, याबद्दल दोन भूमिका आहेत. पुढे त्या एका औषधविक्रेत्याच्या आणि एका महाविद्यालयीन समुपदेशिकेच्या तोंडी घातल्या आहेत. दोघेही प्रातिनिधिक आहेत. विक्रेते साठीकडे झुकलेले, तीस वर्षे काउंटरमागे उभे राहिलेले. समुपदेशिका त्यांच्या मुलीच्या वयाची.

विक्रेत्यांचे म्हणणे रोखठोक आहे. गोळी हाताशी आली नाही तर अनर्थ टळतो. म्हणून पहिले काम काउंटरवर. “ताई, पोरगं येतं, मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतं. तारीख गेल्या वर्षीची, नाव आत्याचं. मी नाही म्हणतो. ते मुकाट्याने पुढच्या दुकानात जातं, आणि तिथला हेल्पर देऊन टाकतो. कायदा नाही असं कुणी म्हणू नये. कायदा आहे, पण तो सगळ्या दुकानांत पाळला जात नाही.”

त्यांचे हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती: काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी बरीच औषधे, ज्यांत अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम येतात. ही औषधे विकताना रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. मिथाइलफेनिडेट त्याहून कडक अशा ‘एक्स’ अनुसूचीत आहे. त्याला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानात ठेवावी लागते. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही, आणि देताना दुकानाचे नाव व तारीख चिठ्ठीवर उमटवायची असते. विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. म्हणजे कागदावर जाळे घट्ट आहे. ते सैल पडते संध्याकाळच्या गर्दीत, ओळखीच्या गिऱ्हाइकापाशी आणि फोटोतल्या चिठ्ठीपाशी.

समुपदेशिकेला यातले काहीच अमान्य नाही. तिचा आक्षेप सुरुवातीच्या बिंदूला आहे. “काका, तुम्ही नाही म्हटलंत ते बरोबरच. पण ते पोरगं तुमच्या दारात आलं, त्याच्या आधी किती रात्री ते झोपलं नव्हतं, हे कुणाला माहीत आहे? माझ्याकडे मुलं येतात तेव्हा गोळी ही तिसरी-चौथी पायरी असते. त्याआधी केटी असते, घरी न सांगितलेली. फी थकलेली असते. कुणीतरी जातीवरून बोललेलं असतं. गोळीवर बोट ठेवलं की या सगळ्या गोष्टी नजरेआड होतात.”

कारण आणि परिणाम यांचा हा वाद जुना आहे आणि संशोधनानेही तो पुरता मिटवलेला नाही. अमेरिकेत अमांडा डिव्हिन आणि कीथ झुलिग यांनी २००८ च्या एका राष्ट्रीय विद्यार्थी-आरोग्य पाहणीतली माहिती तपासली. सुमारे १३ टक्के विद्यार्थ्यांनी चिठ्ठीशिवाय औषधे घेतल्याचे सांगितले होते. निराशा, हतबलता किंवा आत्महत्येचा विचार नोंदवणाऱ्यांमध्ये असा वापर अधिक होता. वेदनाशामकांच्या बाबतीत आणि मुलींमध्ये हा संबंध विशेष ठळक होता. पण ही एका वेळची पाहणी आहे. गोळीमुळे निराशा आली की निराशेवर उपाय म्हणून गोळी घेतली, हे अशा पाहणीतून कळत नाही. या अभ्यासकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे होता: मनाचे दुखणे मुले स्वतःच, चोरून, औषधांनी बरे करू पाहतात.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना वाढवतात. झोप न लागणे हा आत्महत्येच्या विचारांशी जोडलेला स्वतंत्र धोका आहे. झोपेची गोळी काही दिवस काम करते. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते आणि तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते. ती टाळली तर झोप पूर्वीपेक्षाही उडते, छाती धडधडते, हात थरथरतात. मुलाला वाटते, आपले दुखणे वाढले. खरे तर तो गोळीचा परतावा असतो. शिवाय या गोळ्या नव्या आठवणी पक्क्या होण्यात अडथळा आणतात, म्हणजे ज्या परीक्षेसाठी झोप हवी होती तिचाच अभ्यास निसटतो. त्यांनी मनावरचा लगामही सैल होतो: एरवी जो विचार येऊन गेला असता, तो कृतीत उतरण्याआधी थांबवणारी सावधगिरी मंदावते. सोबत दारू असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. उत्तेजकांची तऱ्हा उलटी: जाग येते, पण उतरताना मन खोल जाते. मग त्यावर रात्री शामक गोळी. असे चक्र एकदा सुरू झाले की ‘आधी काय’ हा प्रश्न उपचारापुरता गौण ठरतो.

समुपदेशिका एका ठिकाणी मात्र चुकते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. ती म्हणते, “एक दार बंद केलं तर मूल दुसरं शोधेल. म्हणून दारांपेक्षा मुलाकडे बघा.” हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते. विक्रेत्यांचे उत्तर अनुभवातून येते: “सगळेच दुसरं दार शोधत नाहीत, ताई. पुष्कळ जण घरी जातात. सकाळ होते.”

पुरावा विक्रेत्यांच्या बाजूने आहे. आत्महत्येचा टोकाचा आवेग बऱ्याचदा मिनिटा-तासांचा असतो आणि तो ओसरल्यावर बहुतेक माणसे जगतात. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. त्यानंतरच्या काळात तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ पासून एका घरगुती वेदनाशामकाची पाकिटे लहान करण्यात आली, एका वेळी मिळणाऱ्या गोळ्यांवर मर्यादा आली. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या औषधाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाले. गोळ्या पूर्ण बंद झाल्या नव्हत्या. फक्त एका फेरीत मिळेनाशा झाल्या होत्या. दुसऱ्या दुकानापर्यंत चालत जाण्याचा तो वेळ अनेकांना पुरला. म्हणून काउंटरवरच्या नकाराला निव्वळ कायद्याची कटकट समजू नये. त्या नकाराने काही घरांत माणूस शिल्लक राहतो. हे समुपदेशकांनीही मनापासून मानले पाहिजे.

पण मग विक्रेते पुढे जातात आणि तिथे त्यांचे पाऊल घसरते. “मुलाच्या खोलीत स्ट्रिप सापडली की आईबापांनी त्याच दिवशी फेकून द्यावी. एक गोळी राहू देऊ नये.” समुपदेशिका त्यांना थांबवते. “काका, तसं कुणाला सांगू नका. महिनोन् महिने रोज घेणाऱ्याची गोळी एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते. ती रात्र मुलासाठी सगळ्यात वाईट असते.” ती बरोबर आहे. शामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. घरच्यांनी करायचे ते इतकेच की गोळ्या मुलाच्या ताब्यातून आपल्या ताब्यात घ्याव्यात, कुलपात ठेवाव्यात आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ त्याच दिवशी मागावी. आजीच्या डब्यातल्या उरलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्या मात्र घरातून जरूर काढाव्यात. घराघरांतला तो स्टीलचा डबा कुणाच्याच नोंदवहीत नसतो.

नैराश्यावरच्या औषधांचा मुद्दा वेगळा ठेवायला हवा, कारण या चर्चेत त्यांना हकनाक ओढले जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो १८ ते २४ वयापर्यंत वाढवला: उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ ती घेऊ नयेत असा नाही. उपचाराविना राहिलेले नैराश्य स्वतःच जिवावर उठते. अर्थ इतकाच, की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टरने लवकर लवकर भेटावे, घरच्यांनी लक्ष ठेवावे, आणि मुलाने मनाने औषध सोडू नये.

यानंतर दोघांचा खरा वाद होतो, आणि तो नकारानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे. समुपदेशिका म्हणते, नकार देताना एक प्रश्न विचारा. विक्रेते हादरतात. “रात्री साडेदहाला काउंटरवर सहा माणसं उभी. त्यांच्यासमोर मी पोराला विचारू, जीव नकोसा झालाय का म्हणून? आणि विचारल्यामुळेच त्याच्या डोक्यात आलं तर?”

या भीतीला आधार नाही. आत्महत्येबद्दल सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार रुजत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते, कारण त्या माणसाने ते इतके दिवस एकट्याने वाहिलेले असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१६ च्या कायद्याने औषधविक्रेत्यांना आत्महत्या-प्रतिबंधाचे प्रशिक्षण बंधनकारक केले, ते याच समजुतीने: डॉक्टरपेक्षा, कॉलेजपेक्षा, कधी घरापेक्षाही आधी त्रासलेला माणूस औषधाच्या दुकानात पोहोचतो. आपल्याकडे काउंटरवरच्या माणसाकडे फक्त संशयित म्हणून पाहिले जाते. निरीक्षक येतो तो वही तपासायला. पोराला काय विचारावे हे सांगायला कुणी येत नाही.

गर्दीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि समुपदेशिका तो मान्य करते. सगळ्यांदेखत विचारू नये. पोराला जरा बाजूला, काउंटरच्या कडेला घ्यावे. “किती दिवस झोप नाही?” इथून सुरुवात पुरे. उत्तर ऐकून बरे वाटले नाही तर, “जगावंसं वाटत नाही, असं होतं का?” आणि उत्तर काहीही आले तरी १४४१६ हा आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. वडाळ्यातून केईएम आणि शीव ही दोन मोठी पालिका रुग्णालये जवळ आहेत. दोन्हीकडे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. पत्ता नसलेला नकार मुलाला पुढच्या दुकानाकडे ढकलतो. पत्ता हाती ठेवलेला नकार त्याला निदान एक दुसरी वाट दाखवतो.

आता विक्रेत्यांची पाळी येते. “ताई, तुमची केबिन पाचला बंद होते. माझं दुकान अकरापर्यंत उघडं. मी तुमच्याकडे पाठवू म्हटलं तर कुणाकडे पाठवू?”

याला समुपदेशिकेकडे पुरते उत्तर नाही, आणि बहुतेक महाविद्यालयांकडेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांमधील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. हे स्वागतार्ह आहे. पण हजारो विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक आणि तोही कार्यालयीन वेळेत, अशी व्यवस्था झोप उडालेल्या मुलाच्या घड्याळाशी जुळत नाही. निदान परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी उशिरापर्यंत माणूस बसवणे, हॉस्टेलच्या रेक्टरला आणि जवळच्या औषधविक्रेत्यांना त्याचा फोन देऊन ठेवणे, यात फारसा खर्च नाही. मूल काय बोलले ते गुप्त राहील. फक्त जिवाला धोका दिसला तर घरी कळवले जाईल, ही अटही त्याला आधीच स्पष्ट सांगायला हवी. ती न सांगितल्याने अनेक मुले दाराशी येऊन परत फिरतात.

पोलिसांची भीती हेही परत फिरण्याचे एक कारण असते. कुणी गोळ्या जास्त घेतल्याचा नुसता संशय आला तरी घरचे कुजबुजतात, “केस होईल.” या भीतीपायी कुणी घरी वाट पाहत बसू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करायची नसून तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठीचे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. अशा वेळी मूल शुद्धीवर आहे, बोलते आहे, म्हणून थांबू नये. लगेच जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, रिकाम्या स्ट्रिप सोबत घ्याव्यात, आणि त्याला एकटे सोडू नये.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक असतात. औषध तर द्यावेच लागते, पण घरात गोळ्यांचा साठा नको. यावर विक्रेते आणि समुपदेशिका यांचे एकदाचे जुळते. डॉक्टरने महिन्याऐवजी सात दिवसांचीच औषधे लिहावीत, घरातल्या मोठ्या माणसाने ती स्वतः न्यावीत आणि रोजची गोळी हातात द्यावी. स्ट्रिप कापून द्यायला दुकानदार कुरकुर करतात, कारण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख एका टोकाला असते आणि उरलेला तुकडा विकला जात नाही. विक्रेत्यांना ती कुरकुर चांगली ठाऊक आहे. “तारीख असलेला तुकडा आधी पेशंटला, उरलेल्याची पुढच्या आठवड्याला सोय लावायची. बॅच बिलावर लिहायचा. कात्री तर काउंटरवर असतेच, ताई.”